कात्सुबे पद्धतीने समाजसेवा

२ ऑक्टोबर, सोमवार

नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यातली फुकुमा सकाळी घरी आली. एकोणतीस वर्षांची, हुशार, पण सदा घाईत. म्हणाली, "कात्सुबेसर, गुरुवारपासून उद्योजकतेचा वर्ग सुरू करतोय. समाजसेवेत नवीन कल्पना याव्यात म्हणून. तुम्ही शिकवाल का?"

शेवटी या गावाला माझी किंमत कळली! पस्तीस वर्षं फोटोकॉपी मशीन विकली, उपशाखाप्रमुख म्हणून निवृत्त झालो. गावी परतून तीन वर्षं झाली, तेवढ्या काळात मला फक्त गटार साफ करायला बोलावलं. तेही दोनदा.

विचार करून सांगतो म्हणालो. ती बूट घालेपर्यंत विचार झाला.

जाता जाता ती बोलून गेली की आधी हिरोशिमाचे एक प्राध्यापक येणार होते, त्यांचा गुडघा निखळला. म्हणजे प्राध्यापकाच्या तोडीचाच माणूस हवा होता, हे उघड आहे.

बायकोला फोन केला. ही ओसाकाला मुलीकडे असते, बाळंतपणासाठी तीन आठवडे म्हणून गेली होती. नातू आता सायकल चालवतो. ही म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला ऐकणारं कोणीतरी मिळालं." भावनेने तिचा आवाज भरून आला होता. किंवा तोंडात घास असेल.

४ ऑक्टोबर, बुधवार

पुस्तिका छापून आली. 'कात्सुबे पद्धत: यशाची बारा सूत्रं'. तीनशे प्रती. बैठकीच्या खोलीत ओल आहे म्हणून खोके घरातल्या बोळात, संडासाच्या दाराशेजारी रचले. छतापर्यंत गेले. बघूनच ऊर भरून आला.

५ ऑक्टोबर, गुरुवार. पहिला वर्ग

खुर्च्या चाळीस. विद्यार्थी चार.

एक: मोरिवाकी किनुए, छप्पन्न वर्षांची. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, जेवण करून देणं हे तिचं काम. वही आणली होती. आशा आहे.

दोन: आसाओ, टोफूवाला. पहाटे तीनला उठतो. माझ्या प्रस्तावनेलाच झोपला. तिसऱ्या सूत्राला घोरला.

तीन: त्सुरुएआजी, चौऱ्याऐंशी. ओमोदानी वाडीहून आसाओच्या गाडीत बसून येते. तिने स्पष्टच सांगितलं की तिच्या घरापेक्षा इथला हीटर चांगला आहे.

चार: फुकुमा स्वतः. हजेरी घेते, म्हणून हजर.

मी विचारलं, तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचाय? किनुएताई म्हणाली, "ओमोदानीचे योनेदाआजोबा गेल्या हिवाळ्यात घरात पडले. नऊ दिवसांनी सापडले. तब्येत सुधारली म्हणून त्याआधीच्या ऑगस्टमध्येच त्यांचं नाव माझ्या यादीतून काढलं होतं. परत असं होऊ नये, एवढंच."

आसाओही जागा झाला.

मी म्हणालो, तळमळ छान आहे, पण मार्केट साइझ किती?

ती माझ्याकडे बघतच राहिली. असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नसणार.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सूत्र चौथे: मोठा विचार करा. फेब्रुवारीत जिल्ह्याच्या शहरात नव्या कल्पनांची स्पर्धा आहे. जिंकणाऱ्या गावाला तीन वर्षांचा पाठिंबा. मी जाहीर करून टाकलं की आपण जिंकतो आहोत.

ओमोदानीत एकतीस घरं, प्रत्येकात एकच म्हातारा नाहीतर म्हातारी. दुकान बंद पडलंय, बस बंद पडलीय. माझं घर वाडीच्या पायथ्याशी आहे, पण मी वाडीत मोडत नाही. मी पायथ्यात मोडतो.

योजना माझ्या डोक्यात तयार आहे. सध्या गुप्त.

२० ऑक्टोबर

राहवलं नाही. सगळ्यांना फोन करून सांगितली. मनगटी पट्टे! नाडी, पावलं, हालचाल, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर दिसणार. पट्टा थंड पडला की अलार्म. जुन्या ऑफिसातला माझा ज्युनिअर आता याच धंद्यात आहे. दहा पट्टे चाचणीसाठी देतो म्हणाला. साहेब, परत मात्र करा, असं तीनदा म्हणाला. आदर अजून टिकून आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पट्टे वाटले. त्सुरुएआजीने विचारलं, "हा तुला सांगणार मी कधी मुतायला जाते ते?" मी म्हणालो, आजी, हा डेटा आहे. ती म्हणाली, "माझ्या काळात याला भोचकपणा म्हणायचे."

नव्या कल्पनेला विरोध होतोच. सूत्र सातवे.

१२ नोव्हेंबर

थक्क झालो! आजीचा पट्टा पहाटे चार ते सहा अकरा किलोमीटर फिरला. दोनदा उंच उडी. नाडी एकशे ऐंशी. चौऱ्याऐंशीव्या वर्षी! माझ्या वर्गाने माणसात एवढा फरक पडतो? स्पर्धेच्या स्लाइडमध्ये हा आलेख घातला. शीर्षक: 'आत्मविश्वास'.

१४ नोव्हेंबर

आजीने पट्टा मांजराला बांधलाय.

स्लाइड ठेवली आहे. शीर्षक बदलीन.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट आठवडा. सोमवारी तीन पट्टे एकदम थंड पडले. किनुएताईला घेऊन मी धावत सुटलो. म्हणजे ती धावली, मी मार्गदर्शन करत मागून आलो. तिन्ही म्हातारे एका घरात मुळ्याचं लोणचं घालत बसले होते. पट्टे ओले होतात म्हणून खुंटीला टांगले होते.

किनुएताई वाटेत दगडावर बसली. मी पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, सिस्टिम चालते हे तरी सिद्ध झालं. तिने सगळी बाटली संपवून परत माझ्या हातात दिली.

पट्टे परत पाठवले. नऊ. दहावा मांजरासकट बेपत्ता आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात बंड म्हणावं असं काहीतरी झालं.

मी आठवं सूत्र सांगत होतो. मागे आसाओ आणि आजी कुजबुजत होते. मी शिक्षकाच्या थाटात विचारलं, सगळ्यांना सांगा की! तर आजीने खरंच सांगितलं. पूर्वी टोफूवाला यायचा तेव्हा बायका दारात भांडं ठेवायच्या, तो त्यात टोफू घालून जायचा. आजी म्हणाली, "ज्या दिवशी भांडं नसे, त्या दिवशी टोफूवाला हाक मारायचा. ताप आलाय का, भांडण झालंय का, सगळं त्याला ठाऊक."

आसाओ म्हणाला, "मी रविवार सोडून रोज सकाळी वर जातोच. टोफू नको असला तर भांडं पालथं ठेवा. पण ठेवा. भांडं दिसलं नाही की मी दार वाजवणार."

किनुएताई उभी राहिली. म्हणाली, "एवढंच? एवढं सोपं?" आणि तिचे डोळे भरून आले.

मी शांतपणे समजावलं की यात ना टेक्नॉलॉजी, ना वाढीचा वेग, ना गुंतवणूकदाराला रस. भांडं हा बिझनेस होऊ शकत नाही. चौघांनी मान डोलावली. मग त्यांनी माझ्याच फळ्यावर, माझं आठवं सूत्र पुसून, वाडीतल्या घरांची यादी लिहिली.

विद्यार्थी पुढाकार घेऊ लागले. अध्यापन यशस्वी.

५ डिसेंबर, मंगळवार

भांडी सुरू. सव्वीस घरं पहिल्याच दिवशी. सकाळी सकाळी आसाओचा भोंपू वाजतो, झोपमोड होते.

किनुएताई माझ्याकडे निळं भांडं घेऊन आली. म्हणाली, "सर, तुमचा नंबर सत्तावीस." मी म्हणालो, बाई, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, मी शिक्षक आहे, ही योजना म्हाताऱ्यांची आहे. ती म्हणाली, "योजना एकट्या माणसांची आहे, सर."

हे साफ चुकीचं आहे. मी एकटा नाही, बायको तात्पुरती बाहेरगावी आहे.

तरी भांडं ठेवून घेतलं. गुणवत्ता तपासणीसाठी.

१४ डिसेंबर, गुरुवार

तपासणी केली. मुद्दाम भांडं ठेवलं नाही आणि पडद्याआडून घड्याळ लावून बघत बसलो. भोंपू. गाडी थांबली. सत्तर सेकंदांत दार वाजलं. "कात्सुबेसर! सर! बरे आहात ना?" आसाओ दार उखडायच्या बेतात. मी दार उघडून म्हणालो, अभिनंदन, ही परीक्षा होती. प्रतिसाद समाधानकारक, मात्र बुटांचा चिखल.

त्याने एक मोठा श्वास घेतला. टोफू ठेवून गेला.

२१ डिसेंबर, गुरुवार

दुसरी तपासणी. बर्फ होतं. या वेळी सोबत किनुएताईही धावत आली. दारात घसरली, मनगट मुरगळलं. मी उशीर नोंदवला: एकशे पाच सेकंद.

दुपारी वर्गात हा आकडा सांगितला. कोणी टिपून घेतला नाही. आसाओ म्हणाला, "सर, तुम्ही आता तिसऱ्यांदा मेलात तरी मी थांबणार नाही." सगळे हसले. मीही हसलो. वर्गात खेळीमेळीचं वातावरण आहे.

नवीन वर्षाचे संकल्प:
१. भाषण सहा मिनिटांत बसवणे. (सध्या चौऱ्याण्णव स्लाइड आहेत.)
२. किनुएताईची चौकशी करणे.
३. बोळातले खोके हलवणे.

११ जानेवारी, गुरुवार

भाषण एकेचाळीस मिनिटांवर आणलं. मांजराची स्लाइड काढवत नाही.

किनुएताईला विचारलं, मनगट कसं आहे. म्हणाली, "बरंय." दुसरा संकल्प पूर्ण. तिसऱ्याला घाई नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

(पुढचा मजकूर टॉयलेट पेपरवरून उतरवून घेतला आहे. संडासात शब्दकोड्यासाठी पेन्सिल ठेवलेली असते.)

पहाटे ५.५०. आत आलो आणि बोळात धडाड् आवाज झाला. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. उघडत नाही. खोके पडलेत. 'यशाची बारा सूत्रं', तीनशे प्रती, दाराला टेकून. घाबरण्यासारखं काही नाही.

६.०५. खांद्याने ढकललं. दार हललं नाही. खांदा हलला.

६.२०. खिडकी माझ्या डोक्याएवढी आहे. डोकं घालून बघितलं. डोक्यापेक्षा लहान आहे. बाहेर काढताना कान गेला असता.

६.४०. फोन जेवणघरात. थंडी फार आहे, अंगावर फक्त झोपायचा सदरा. टॉयलेट पेपर गळ्याभोवती गुंडाळला. लिहायला पुरेल एवढाच ठेवला.

६.५५. शांत डोक्याने विचार. मी आत आहे हे कोणाला कळेल? हिचा फोन महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो. पोस्टमन पत्रं पेटीत टाकून जातो. शेजारचं घर सात वर्षं बंद. फुकुमा? वर्ग थेट गुरुवारी. गुरुवारी मी दिसलो नाही तर त्यांना वाटेल सर आजारी असतील. कदाचित बरंही वाटेल.

आज शुक्रवार.

७.०५. पुन्हा मोजलं. कोणी नाही.

७.१५. भांडं! भांडं बाहेर ठेवलेलं नाही! सुटलो!

७.१६. आसाओ थांबणार नाही. तसं तोच म्हणाला होता. चारचौघांत.

७.३०. योनेदाआजोबांचा विचार येतो. नऊ दिवस. मी त्यांना नीट ओळखतही नव्हतो. मशीन विकायचो तसा त्या प्रकरणाचा मार्केट साइझ विचारला. किनुएताई माझ्याकडे तशी का बघत होती, ते आज

७.४१. भोंपू!

७.४२. ओरडलो. गाडी दारावरून गेली. पुढे गेली. गेली.

७.४३. गेली.

७.४४. गाडी मागे येते आहे. रिव्हर्सचा टूं टूं टूं. आयुष्यात याहून गोड संगीत ऐकलं नाही.

(टॉयलेट पेपर इथे संपला.)

त्याच दिवशी, दुपारी २

पुढचं वहीत. आसाओने मागचं दार उचकटलं. खोके दूर करता करता एकेक पुस्तिका वाचत असल्यासारखा वेळ लावला. दार उघडलं तेव्हा मी सदऱ्यात, गळ्यात कागद, कमोडवर उभा. मागे किनुएताई आणि त्सुरुएआजी, दोघी हल्ली गाडीतून फेरीला येतात.

आजीने माझ्या गळ्यातला कागद चाचपला. मग म्हणाली, "हा नवा मफलर आहे का रे?"

किनुएताईने स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला आणि मला शेगडीपाशी बसवलं. गरम टोफू, वरून आलं. माझे दात वाजत होते, त्यामुळे मार्गदर्शन करता आलं नाही.

नंतर कळलं ते असं. भांडं नाही हे आसाओने पाहिलं आणि म्हणाला, सरांची तिसरी परीक्षा, चला पुढे. गाडी पुढे गेलीही. तेव्हा शेजारून आजी ओरडली, "वळव!" आसाओ म्हणाला, "आजी, तो खोटं बोलतोय." आजी म्हणाली, "बोलू दे. तो शंभरदा खोटं बोलला तरी आपण शंभरदा दार वाजवायचं. तो त्याचं काम करतो, आपण आपलं करायचं."

हे वाक्य दहाव्या सूत्रात घालावं असं वाटलं. मग वाटलं, नको. ते तिचंच राहू दे.

खोके आसाओ घेऊन गेला. टोफू गुंडाळायला कागद चांगला आहे म्हणाला.

२३ जानेवारी, मंगळवार

वर्तमानपत्रात बातमी! मी सकाळपासून नीट भांग पाडून बसलो होतो. बातमी अशी: 'टोफूच्या भांड्याने वाचला वृद्धाचा जीव. एकटे राहणारे श्री. क. (६३) संडासात अडकले होते.' किनुएताईचा फोटो, आसाओच्या गाडीचा फोटो, आजीचा मांजरासह फोटो. मांजराच्या गळ्यात दहावा पट्टा स्पष्ट दिसतो.

उद्योजकता वर्गाचा उल्लेख एका ओळीत. शिक्षकाचा नाही. जागा कमी पडली असेल.

'वृद्ध' या शब्दाबद्दल संपादकांना पत्र लिहितो आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार. स्पर्धा

सगळे आसाओच्या गाडीतून गेलो. मी चौऱ्याण्णव स्लाइड पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या, आतल्या खिशात. सहा मिनिटांपैकी निदान दोन तरी शिक्षकाची असणारच.

किनुएताई बोलली. एकही स्लाइड नाही. टेबलावर भांडं ठेवलं, योनेदाआजोबांचं नाव घेतलं, आणि शेजारच्या वाड्या धरून आता सेहेचाळीस घरं आहेत एवढं सांगितलं. पाचव्या मिनिटाला तिने माझ्याकडे हात केला. मी उठलो, जॅकेटचं बटण लावलं, पेन ड्राइव्ह काढला.

ती म्हणाली, "आणि हे आमचे नंबर सत्तावीस."

टाळ्यांचा कडकडाट. एका परीक्षकबाईंनी माइक माझ्यापुढे धरला आणि अगदी मायेने, जरा मोठ्याने विचारलं, "आजोबा, दार वाजलं तेव्हा कसं वाटलं?"

माझ्याकडे बारा सूत्रं तयार होती. तोंडातून निघालं, "गाडी मागे येताना ऐकली." एवढंच. मग खाली बसलो. पेन ड्राइव्ह हातातच राहिला.

पहिला नंबर मिळाला.

परत येताना आजी माझ्या खांद्यावर झोपली. किनुएताई म्हणाली, "सर, आज तुम्ही फार छान बोललात." मी विचारलं, सात सेकंद? ती म्हणाली, "म्हणूनच."

२० फेब्रुवारी

हिचा फोन आला, महिन्याच्या मध्येच! कार्यक्रम टीव्हीवर पाहिला म्हणे. म्हणाली, "जॅकेटला ठिगळ कोणाकडून लावून घेतलंत?" मग म्हणाली, "मार्चमध्ये चार दिवस येऊन जाईन म्हणते." मी माझं वेळापत्रक बघून कळवतो म्हणालो. वेळापत्रक फोनशेजारीच होतं. कोरं होतं. लगेच कळवलं.

१ एप्रिल, सोमवार

ही सहा दिवस राहिली. आता आजीशी तिचं रोज फोनवर बोलणं असतं. विषय काय असतो विचारलं तर दोघी हसतात. माझं कौतुक चालत असावं.

जिल्ह्याच्या पाठिंब्यामुळे वर्ग पुन्हा भरणार, आता मोठा. बावीस नावं आली आहेत. नवीन पुस्तिका लिहायला घेतली: 'कात्सुबे पद्धत, सुधारित आवृत्ती'. या वेळी तेरा सूत्रं.

११ एप्रिल, गुरुवार

वर्गाला अर्धा तास आधी पोचलो. फळ्यापुढच्या टेबलाशी किनुएताई बसली होती. मी म्हणालो, तयारी करून ठेवलीस, शाब्बास, आता ऊठ. फुकुमा मध्ये पडली. घाईघाईत म्हणाली की पत्र पाठवायचं राहून गेलं, यंदा किनुएताई शिकवणार. माझं नाव यादीत आहे. विद्यार्थ्यांच्या.

मागे, हीटरजवळ, आजीशेजारी जागा होती.

किनुएताईने पुस्तिका वाटली नाही. म्हणाली, "प्रत्येकाने उठून सांगायचं, आपल्याला काय येतं." एकाला सायकलचं पंक्चर काढता येतं. एका बाईला कोणाचेही केस कापता येतात. आसाओला टोफू. माझी पाळी आली. उभा राहिलो. उपशाखाप्रमुख, पस्तीस वर्षं, बारा सूत्रं, सगळं तोंडाशी येऊन परत गेलं. बावीस माणसं वाट बघत होती.

आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "याला मोठ्याने बोलता येतं. माझ्या आळीतल्या चौघांना भोंपू ऐकू येत नाही."

कोणी हसलं नाही, हेच विशेष. किनुएताईने फळ्यावर लिहून घेतलं: कात्सुबे, हाका मारणे.

उद्या सकाळी पावणेसातला गाडीत बसायचं आहे. पुढे आजी बसते, म्हणून मला मागे, पेट्यांशेजारी. प्रत्येक घरासमोर नाव घेऊन हाक मारायची, आतून 'ओ' आली की पुढे. भाषण करायचं नाही, असं आसाओने तीनदा बजावलं.

सेहेचाळीस नावं पाठ करायला घेतली आहेत. एकोणीस झाली. हुद्दा काय, ते विचारायचं राहिलं.